स्नायू, पेशी आणि शीर

दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले. पाच महाभूतांतून देह कसा घडतो, याचे ते मराठी विवेचन. पंचीकरणाच्या परंपरेत अस्थी, मांस, त्वचा, नाडी आणि रोम हे पृथ्वीचे अंश मानतात. त्याच गावात आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. आसपासच्या खेड्यांतला माणूस दवाखान्यात ‘शीर आखडली’ म्हणतो, तेव्हा त्याची शीर नेमकी कोणती? रक्तवाहिनी, मांस हाडाला जोडणारी कंडरा, की मज्जातंतू?

परिभाषेने हा घोळ मिटवला, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तिने शब्दांच्या जागा बदलल्या. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० सिरा, ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे शरीर बांधून ठेवणारे चिवट बंध, तर पेशी म्हणजे मांसाचा गोळा. मराठी पाठ्यपुस्तकात स्नायू मांसल झाला आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. हिंदीतली ‘मांसपेशी’ मात्र मांसाचीच राहिली. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. आणि या मज्जातंतूतली मज्जा तर मुळात हाडाच्या पोकळीतली!

हे आपल्याकडेच घडले असे नाही. ग्रीक ‘न्यूरॉन’ हा शब्द स्नायूच्याच कुळातला. त्याचाही आधीचा अर्थ कंडरा, नंतरचा मज्जातंतू. दोन्ही पांढरट, चिवट दोऱ्यांसारखे दिसतात. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले, म्हणजे छोटी खोली. हिंदी ‘कोशिके’त ती खोली शाबूत आहे, आपल्या पेशीत नाही.

अर्थ बदलला याला माझा आक्षेप नाही. तो बदल शिकवला जात नाही, याला आहे. विज्ञान शिकलेला मराठी वाचक सुश्रुताच्या ५०० पेशी वाचून हसेल आणि चूक ग्रंथाच्या माथी मारेल. प्रतिशब्दाबरोबर त्याचा जुना अर्थ एका ओळीत दिला, तर हे टळेल.

‘शिरेवर शीर चढली’ म्हणणाराही अडाणी नव्हे. शवविच्छेदनाने वेगळे केलेले भाग त्याला ठाऊक नसतील. हाताला लागते, ताणले जाते आणि ठणकते ते सारे त्याच्या शिरेत येते. तिचे भाषांतर करण्याआधी डॉक्टरांनी एवढेच म्हणावे: ‘कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखवा.’