तो तसाच आला

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका कॉलेजात शॉर्टफिल्म स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. जेवणानंतरच्या सत्रात लागोपाठ तीन फिल्म्समध्ये आभाळातून देवमासा पोहत गेला. एकीत शनिवारवाड्यावरून, दुसरीत सिंहगडावरून, तिसरीत पृथ्वीच्या पाठीवर नसलेल्या कुठल्याशा शहरावरून. तिन्ही मासे देखणे. तिसऱ्या फिल्मच्या दिग्दर्शकाला विचारलं, "मासा डावीकडूनच का येतो रे?" पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, तो तसाच आला."

एआयला प्रॉम्प्ट टाकला, मासा आला. डावीकडून आला. ठेवून दिला.

हा लेख त्या उत्तरापायी लिहितो आहे. कुणाला समतोल विवेचन हवं असेल तर त्याने पान उलटावं.

यूट्यूबवरच्या ट्रिकवाल्या छोट्या फिल्म्स मी गेली पंधरा-सोळा वर्षं नेमाने पाहतो. तिथे ट्रिक ही वरून भुरभुरलेली कोथिंबीर नसते, ट्रिकमधूनच गोष्ट सुचलेली असते, म्हणून मला या प्रकाराचं अप्रूप. डेव्हिड सँडबर्गची 2013ची 'लाइट्स आउट' आठवा. बाई दिवा मालवते, बोळाच्या टोकाला अंधारात कुणीतरी उभं. दिवा लावते, कुणी नाही. पुन्हा मालवते. बस, एवढंच. घर दिग्दर्शकाचं स्वतःचं, बाई म्हणजे त्याची बायको लोटा लोस्टेन. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. एक प्लेट उजेडातली, रिकामी. एक अंधारातली, आकृतीसकट. मग चौकट उभी चिरायची, बाईची बाजू एका टेकमधली, आकृतीची बाजू दुसऱ्यातली, आणि बटणाच्या खटक्यावर दोन्ही सांधायच्या. डबल रोलसाठी आपले कॅमेरामन हेच करत आले. कॅमेरा इंचभरही हलवता येत नाही ही खरं तर अडचण. पण त्यामुळेच पाहणाराही जागचा हलू शकत नाही, त्या बोळाकडे टक लावून बसतो. 2016 साली त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. त्यात भुताला नाव दिलं, पूर्वायुष्य दिलं, आणि भूत बिचारं माणसात आलं.

केन पार्सन्सने 2022 साली 'द बॅकरूम्स' टाकली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पिवळट भिंतींच्या रिकाम्या खोल्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सगळ्या ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये उभ्या केलेल्या. संगणकातली खोली फार स्वच्छ दिसते, हे प्रत्येक शिकाऊ पोराचं दुखणं. याने तिच्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटचा कळकटपणा फासला आणि कॅमेरा घाबरलेल्या माणसाच्या हातात दिला. झाकायला आणलेली गोधडीच अंगावर काटा आणते.

आणि इयन ह्यूबर्ट. या माणसावर वेगळा लेख लिहायला हवा. 2021ची त्याची 'डायनमो ड्रीम' ही सॅलड विकणाऱ्या एका मुलीची गोष्ट, भविष्यातल्या एका गजबजलेल्या शहरात घडणारी, आणि ते शहर जवळजवळ एकट्याने बांधलेलं. त्याची रीत तो मिनिटा-मिनिटाच्या धड्यांतून फुकट शिकवतो, धड्यांचं नावच आळशी धडे. रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीचा साधा फोटो घ्यायचा. तो संगणकात सपाट पत्र्यावर चिकटवल्यासारखा चिकटवायचा. खिडक्यांच्या चौकोनांवर रेघा मारून त्या आत ढकलायच्या, गॅलऱ्या बाहेर ओढायच्या, की झाली इमारत. जवळ गेलात तर नाटकातला पडदा, पण जवळ जायचं नाही हे दिग्दर्शकाने आधीच ठरवलेलं. त्यामुळे त्याच्या शहरावर खऱ्या जगाचा मळ आहे: गंज, लोंबत्या वायरी, पावसाचे ओघळ. ते सगळं कुणीतरी रस्त्यात थांबून पाहिलेलं आहे. मी त्याचं शहर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी लालबागच्या एका चाळीसमोर दहा मिनिटं उभा राहिलो, कुठली खिडकी आत ढकलावी लागेल ते मोजत. चाळीतल्या एका काकूंनी "काय हवंय?" असं विचारल्यावर निघालो.

बाकीच्यांचं थोडक्यात. फेडे आल्वारेझने 2009 साली मोन्तेविदेओवर यंत्रमानव सोडले, खर्च म्हणे 300 डॉलर, आणि हॉलिवूडने त्याला उचललं. त्या फिल्मबद्दल सांगण्यासारखं एवढंच. 'कुंग फ्युरी'चा विनोद ट्रेलरमध्येच संपला होता, पण पोलिसाचा एकच गणवेश परवडला म्हणून एकेका माणसाला तोच घालून वेगवेगळं टिपून अख्खी चौकी भरली, त्याबद्दल सलाम. नील ब्लोमकॅम्पच्या ओट्स स्टुडिओत पैसा आणि रक्त दोन्ही जास्त. लाइटसेबरवाल्या चाहत्यांच्या फिल्म्स लग्नाच्या व्हिडिओसारख्या, घरच्यांनी पाहाव्यात.

छोटी फिल्म म्हणजे मोठ्या कामासाठीचं व्हिजिटिंग कार्ड, ही तक्रार मात्र मी करणार नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, महिनाभर थोडं थोडं टिपलं आणि मिनिटभराची 'अंकुराची वाढ' केली. ती दाखवून भांडवल उभं केलं. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशीच ट्रिकची शॉर्टफिल्म आहे, आणि करणारा गृहस्थ जादूचे प्रयोगही करायचा.

हे त्या देवमाशांसमोर मांडलं की दोन-तीन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं: वाटाणाही तसाच आला, फाळक्यांनी थोडाच उगवला? अहो, उगवला वाटाण्याने, पण कुंडी कुठे ठेवायची, उजेड कुठून घ्यायचा, दोन टिपणांत किती वेळ जाऊ द्यायचा, हे फाळक्यांनी ठरवलं. महिनाभर ती कुंडी राखली. वाटाणा डावीकडे झुकला असता तर का झुकला हे त्यांना सांगता आलं असतं.

दुसरं: कॅमेरा आला तेव्हा चित्रकारही असेच चिडले होते. चिडले असतील. पण कॅमेऱ्याला कुठेतरी उभं राहावं लागतं, उन्हात, कुणाच्या तरी दारात. काकू "काय हवंय?" विचारतात, आणि त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. प्रॉम्प्टवाल्याला कुणी विचारत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत लाडकं: गरीब पोरांना संधी मिळते. याचा मला खरा राग येतो. ब्लेंडर 2002 साली लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो भरून, खुलं करून घेतलं. तेव्हापासून ते फुकट आहे. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने त्यातच 'फ्लो' केला आणि 2025 साली ऑस्कर नेलं. संधी होतीच. नव्हती ती महिनाभर कुंडी राखायची तयारी.

आणि यंत्राच्या बाजूने पुढे केला जाणारा 2024चा नमुना घ्या, सोरा या व्हिडिओ बनवणाऱ्या एआयवर केलेली 'एअर हेड', डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेल्या माणसाची. गोड फिल्म आहे, मला आवडली. पण करणाऱ्यांनीच सांगितलं की फुग्याचा रंग बदलत राही, फुग्यावर मधूनच चेहरा उगवे, आणि ते सगळं शॉटमागून शॉट हाताने साफ करावं लागलं. यंत्राने दिलं ते तसंच आलं होतं. फिल्म झाली ती त्यानंतरच्या झाडलोटीत, आणि झाडलोट करणाऱ्यांना फुगा कसा हवा हे माहीत होतं. गोरेगावात रोटो करत बसलेली, नटीच्या केसांची कड फ्रेममागून फ्रेम कापणारी पोरं पाहिली आहेत मी. काम कंटाळवाणं, त्याचं गुणगान गाणार नाही. पण कड म्हणजे काय ते त्यांना विचारा, तासभर बोलतील. माशाच्या मालकाला माशाची कड कुठे संपते हेही ठाऊक नव्हतं. एका शॉटमध्ये शेपटी ढगात विरघळली होती, आणि ते त्याने पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी शेवटून दुसरी फिल्म एका मुलीची होती. आजी फोडणी घालते, कुकरची शिट्टी होते आणि स्वयंपाकघर जागच्या जागी थांबतं. तडतडलेली मोहरी हवेत लटकलेली, आणि आजी एकटी त्यातून वाट काढत गॅसपाशी जाते. मोहरी म्हणजे काळे मणी, दोऱ्यांना बांधून वरच्या फळीला टांगलेले. दोरे नंतर एकेका फ्रेममधून पुसलेले. काळ्या दोऱ्यावर वस्तू नाचवून बाबूभाई मिस्त्रींनी 1937च्या 'ख्वाब की दुनिया'त 'काला धागा' हे टोपणनाव कमावलं होतं. ते तिने ऐकलेलंही नव्हतं. फिल्म संपल्यावर ती आमच्या टेबलाशी आली.

"सर, दोरा दिसला का?"

"एक दिसला. खिडकीपाशी."

"चौथा मणी," ती म्हणाली. "आजीचा पदर लागून हलला तो. रात्री लक्षात आलं, पण रेंडर पुन्हा लावायला वेळ नव्हता."

निकाल दोन विरुद्ध एक मतांनी लागला. ढाल सिंहगडावरच्या माशाला गेली.