रस्ता बंद, रस्ता खुला

वसाहतीतला रस्ता ठरावीक वेळ वाहनांना बंद करावा आणि तो मुलांना खेळण्यासाठी मोकळा सोडावा, या कल्पनेवर पाश्चात्त्य देशांत गेल्या शंभर वर्षांत कायदे झाले, चळवळी झाल्या, ग्रंथही लिहिले गेले. आपल्या शहरांतही तिचे पडसाद उमटू लागले आहेत. दलित चळवळीच्या नियतकालिकात या विषयाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येईल. ज्याच्या घरी पाण्याचा नळ नाही त्याच्यापुढे खेळाचा प्रश्न मांडणे ही चैन आहे, असेही कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ‘रस्ता बंद’ हे दोन शब्द आपल्या इतिहासात फार वेगळा अर्थ घेऊन आलेले आहेत. म्हणून या कल्पनेची चिकित्सा आपण केली पाहिजे; ती दुसरे कुणी आपल्यासाठी करणार नाही.

प्रथम या कल्पनेचे मूळ पाहू. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९१४ साली लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागात काही रस्ते दिवसाचे काही तास वाहनांना बंद करून मुलांना दिले. तेथे युरोपातून आलेली गरीब स्थलांतरित कुटुंबे कोंदट खोल्यांत राहत होती. मुलांना अंगण नव्हते, मैदान नव्हते; होता तो समोरचा रस्ता. बाबासाहेब त्या काळात, म्हणजे १९१३ ते १९१६ या वर्षांत, त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या उपक्रमाशी त्यांचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण एका शहराने गरिबांच्या मुलांसाठी वाहने अडवली ती याच वर्षांत, आणि त्या काळी आपल्या देशातले कितीतरी रस्ते माणसांनाच अडवीत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मोटारींबरोबर तीव्र झाला. १९३४ या एका वर्षात ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील अपघातांत सात हजारांहून अधिक माणसे मेली. रस्त्यात चेंडू खेळला म्हणून कामगारांच्या मुलांना न्यायाधीशापुढे उभे करून दंड केला जात होता. म्हणजे मारणारी मोटार मोकळी आणि खेळणारे मूल आरोपी! सॅल्फर्डसारख्या गिरणीगावात काही रस्ते वाहनांना बंद करण्याचा प्रयोग झाला, आणि १९३८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. नगरपालिकेने आदेश काढावा आणि तो रस्ता मुलांचे मैदान व्हावा, अशी त्यात तरतूद होती. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंड-वेल्समध्ये असे सुमारे ७५० रस्ते होते. पुढे घरोघर मोटार आली. तिला उभे राहायला जागा हवी होती. ती जागा तिने मुलांकडून घेतली. कायदा कागदावर राहिला आणि रस्ते एकामागून एक निकामी झाले.

ब्रिस्टल शहरात २००९ साली दोन मातांनी आपला रस्ता एका दुपारपुरता बंद केला, तेव्हा या कल्पनेला पुन्हा जीव आला. महापालिकेने २०११ साली तात्पुरत्या बंदीची सोपी पद्धत ठरवून दिली. रहिवाशांनी अर्ज करायचा, शेजाऱ्यांशी बोलायचे, दोन्ही तोंडांना चमकदार जाकिटे घालून स्वयंसेवकांनी उभे राहायचे. रहिवाशाची गाडी आली तर ती माणसाच्या चालीने आत न्यायची. ही पद्धत पुढे ब्रिटनमधील शेकडो रस्त्यांवर पोचली.

हे चांगलेच आहे. पण येथे एक बदल घडला आहे. १९३८च्या कायद्यात आदेश काढण्याची जबाबदारी नगरपालिकेवर होती. नव्या पद्धतीत पुढाकार रहिवाशांवर आला. अर्ज कोण लिहितो? सभा कोण बोलावतो? सुटीच्या दुपारी दोन तास जाकीट घालून उभे राहण्याची सवड कुणाला असते? ज्याच्यापाशी भाषा आहे, वेळ आहे आणि अधिकाऱ्याच्या दारात जाण्याचा आत्मविश्वास आहे, त्यालाच हा रस्ता लवकर मिळणार. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली योजना अशा वाटेने सुस्थितांच्या सोयीची होते. हक्काचे रूपांतर परवानगीत झाले की हेच घडते. शिष्यवृत्तीपासून घरकुलापर्यंत आपण हे अनुभवलेले आहे.

नेदरलँड्सचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर ४००हून अधिक मुले वाहनांखाली मेली. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली या प्रकाराला ‘बालहत्या’ असे नाव दिले आणि त्या नावाने चळवळ उभी राहिली. अपघात म्हटले की कुणीच दोषी नसतो. हत्या म्हटले की व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. शब्द बदलला की प्रश्न बदलतो, हे ‘हरिजन’ नाकारून ‘दलित’ शब्द स्वीकारणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅमच्या डे पाइप या दाटीच्या कामगार वस्तीतील मुलांनी स्वतःच रस्ता अडवला आणि चिडलेल्या मोटारवाल्यांना तोंड दिले. तेथे मुले लाभार्थी नव्हती, ती आंदोलक होती. १९७६ साली त्या देशाच्या कायद्याने निवासी रस्त्यांचा असा एक प्रकार मान्य केला, की जेथे चालणारा माणूस आणि खेळणारे मूल यांचा हक्क पहिला आणि गाडीचा नंतर.

आता या विषयावरील ग्रंथांकडे वळतो. जेन जेकब्ज यांनी १९६१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अमेरिकन शहरांविषयी लिहिताना एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. रस्ता सुरक्षित ठेवतात ते पोलीस नव्हेत; दुकानदार, खिडकीतली बाई, येणारेजाणारे यांच्या नजरा तो सुरक्षित ठेवतात. त्यांच्या रस्त्यावरचा कुलपे करणारा दुकानदार वाहनांमध्ये धावलेल्या त्यांच्या मुलाला रागावतो. नाते नसतानाही माणसे एकमेकांची जबाबदारी घेतात, हा धडा मुलाला तेथे मिळतो, असे त्या म्हणतात. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने हजारो ब्रिटिश मुलांकडून रस्त्यावरचे खेळ गोळा केले आणि १९६९ सालच्या ग्रंथात मोठ्यांच्या देखरेखीवाचून मुले स्वतःचे नियम कसे घडवतात ते दाखवले. कॉलिन वॉर्ड यांनी १९७८ सालच्या ‘शहरातले मूल’ या अर्थाच्या ग्रंथात आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलांना कुंपणातले मैदान देऊन गप्प बसवू नका, सगळे शहरच त्यांचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मुली रस्त्यावर कमी का दिसतात, यासाठी त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

हे सारे लेखन मुलाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु त्यामागे एक गृहीत आहे. जेकब्ज यांच्या रस्त्यावरची नजर ही राखण करणारी नजर आहे. आपल्या मुलाच्या वाट्याला आलेली नजर कोणती होती? गावच्या रस्त्यावर ओट्याओट्यावरून आपल्यावर नजरा होत्या. पण त्या मुलाला राखीत नव्हत्या, जातीला राखीत होत्या. मूल कुणाला शिवले, कुणाच्या अंगणात गेले, चेंडू कुणाच्या पाण्यात पडला, हे त्या नजरा टिपीत. रागावणारा दुकानदार आपल्याकडेही होता. त्याच्या रागाचे कारण मात्र वेगळे होते. म्हणून मी म्हणतो, की मोटार हा रस्त्यावरच्या मुलाचा एकमेव शत्रू नाही. मोटार हटवल्यावर रस्त्यावर जी नजर उरते, तिचे काय, हा प्रश्न त्या ग्रंथांतून आपल्याला मिळत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

यासाठी आपल्या रस्त्याचा इतिहास आठवावा लागेल. पेशवाईत सवर्ण समोरून येत असता अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिसंहार’ या भाषणग्रंथात नोंदवले आहे. त्रावणकोरात वायकोमच्या मंदिराभोवतालचे रस्ते अवर्णांना बंद होते. त्यांवरून गुरे जाऊ शकत होती, माणसे नाही. तेथे ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि १९२५च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले आणि पूर्वेचा रस्ता अवर्णांना बंदच!

आणि रस्त्यावरच्या मुलाची गोष्ट हवी असेल, तर ती १९०१ सालची आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. ती महार आहेत असे कळताच गाडीवाले गाडी नाकारतात. दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, अशा अटीवर एक जण तयार होतो. त्या मुलांतले एक मूल म्हणजे भीमराव. पुढे त्यांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली. ज्या वयात रस्ता खेळायचा असतो, त्या वयात त्याने विटाळ शिकवला. त्याच भीमरावांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या मसुद्यातून पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि घाट यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द आला. जातीच्या कारणावरून कुणालाही रस्त्याच्या वापराला अटकाव करता येणार नाही. माझ्या दृष्टीने मुलांच्या रस्त्याचा पहिला कायदा हाच आहे. चवदार तळ्याचे पाणी जसे केवळ तहानेसाठी नव्हते, तसा रस्ताही केवळ जाण्यायेण्यासाठी नाही.

आता आपल्या शहरांकडे पाहू. गुरगावला २०१३ साली रविवारी रस्ते बंद करण्याचा उपक्रम सुरू झाला. मुंबईत २७ मार्च २०२२पासून पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते लोकांना मोकळे करून दिले. नरिमन पॉइंट, वांद्र्याचा कार्टर रोड, अंधेरीचे लोखंडवाला, ही त्यांतली काही ठिकाणे. ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ज्यांच्या इमारतींना आवार आहे, जवळ समुद्रकिनारा आहे, त्यांच्या दारी रस्ता मोकळा झाला. गोवंडी-मानखुर्दच्या मुलाने तेथे जायचे कसे? मूल दोन गाड्या बदलून खेळायला जात नसते. मुलांचा रस्ता दारापुढे असावा लागतो. नाहीतर ती सहल होते. शिवाय रविवारी पहाटे तो रस्ता झाडणारा सफाई कामगार कोणत्या समाजातून येतो, हे या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. त्याने झाडलेल्या रस्त्यावर त्याचे मूल खेळते का, हीच त्या उपक्रमाची खरी कसोटी आहे.

वस्तीतला प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे, हेही मान्य केले पाहिजे. तीन-चार फुटी गल्लीत मोटार शिरतच नाही. तेथे उघडे गटार असते, पाण्याची रांग असते, मोटारसायकल असते. ‘बलुतं’मधला (१९७८) कावाखाना ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे ठाऊक आहे, की दलित मुलाचे शहरी बालपण मोटारीच्या कितीतरी आधी दारिद्र्याने आणि दाटीने वेढलेले होते. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मूल वाढले ते मधल्या मोकळ्या जागेमुळे. लगोरी, विटीदांडू, लंगडी, डबा ऐसपैस यांनी तेथे पिढ्या घडवल्या. आता जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घर मोठे मिळते, ते मिळालेच पाहिजे. पण खालची जागा मोटारीला आणि मुलाला उद्वाहनाने जायचे मैदान, असा हा व्यवहार होऊ नये, यावर आपल्या संघटनांचे लक्ष असले पाहिजे.

मुलींचाही विचार हवा. रस्ता मोकळा झाला, की मुलगे क्रिकेट मांडतात आणि सारी जागा व्यापतात. मुलगी कडेला उभी असते, कमरेवर धाकटा भाऊ, एक डोळा नळाच्या हंड्यावर. तिच्यासाठी वेळ आणि जागा राखून ठेवली नाही, तर आपण मुलांच्या नावाने मुलग्यांना रस्ता दिला असे होईल. जातीच्या विषमतेशी लढणाऱ्यांनी ही विषमता खपवून घेता कामा नये.

रस्ता बंद केला तर वाहतुकीचे काय, असा आक्षेप येईल. मंडपासाठी रस्ता बंद होतो. मिरवणुकीसाठी होतो. मंत्र्यांच्या ताफ्यासाठी तर क्षणात होतो. तेव्हा शहर थांबत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या ११५व्या कलमानुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. मुलाच्या खेळण्याच्या हक्काला मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाने १९९२ साली स्वीकारला आहे. कायदा आहे, करार आहे. नाही ती मागणी.

ती मागणी आपण करावी, आणि आपल्या अटींवर करावी. आदेश महापालिकेने काढावा. तो सोसायटीच्या मर्जीवर असू नये. प्रारंभ जेथे दाटी सर्वांत जास्त आहे त्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्यापासून व्हावा. रस्ता वाहनांना बंद असावा, पण शेजारच्या कोणत्याही वस्तीतल्या मुलाला खुला असावा. त्यावर फाटक असू नये, राखणदाराने नाव-गाव विचारू नये. मुलींचे तास ठरलेले असावेत. आणि दोन्ही टोकांना उभे राहण्याचे काम कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी पाळीपाळीने करावे. आपण अभ्यासवर्ग चालवतो, वाचनालये चालवतो. आठवड्यातून दोन तास एक रस्ता चालवणे आपल्याला अशक्य नाही.

वायकोमचा चौथा रस्ता तडजोडीत राहून गेला होता. खेळाच्या रस्त्याबाबत तशी तडजोड आपण मान्य करू नये. उंच इमारतींची मुले तीन बाजूंनी खेळत आहेत आणि वस्तीचे मूल चौथ्या बाजूला दोरीपलीकडून पाहत आहे, असा रस्ता वाहनांना बंद झाला तरी माझ्या लेखी तो खुला झालेला नाही.