कणाकणातले अंतरंग

येशूसंघीय धर्मगुरू आणि जीवाश्मशास्त्रज्ञ तेयार द शार्दँ १९५५ साली ईस्टरच्या दिवशी निवर्तले. 'द फेनॉमेनन ऑफ मॅन' ह्या नावाने इंग्रजीत आलेला त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी मूळ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. १९६२ साली रोमने त्यांच्या लेखनाबाबत सावधगिरीची सूचना दिली. २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकाच्या तळटीपेत मात्र त्यांचा आदराने उल्लेख आहे.

ग्रंथातील मध्यवर्ती विचार असा : माणसाला अंतरंग आहे, हे निर्विवाद. निसर्ग अखंड आहे. म्हणून जडद्रव्याच्या प्रत्येक कणालाही अत्यल्प का होईना, अंतरंग असले पाहिजे. रचना गुंतागुंतीची होत जाते तसतसे ते उमलते.

ह्या विचाराचे मोल मान्य केले पाहिजे. भौतिकशास्त्र कण कसा वागतो हे सांगते. तो स्वतः काय आहे, ह्यावर मौन पाळते. गॅलिलिओने १६२३ मध्येच रंग, रुची, गंध पदार्थांतून काढून अनुभवणाऱ्याच्या पदरात टाकले होते. फिलिप गॉफ ह्यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात तोच धागा उचलून चैतन्य हा द्रव्याचा मूलभूत गुण मानला आहे.

परंतु येथेच युक्तिवाद लंगडतो. विल्यम जेम्स ह्यांनी १८९० मध्ये दाखवले की, बारा माणसांना एका वाक्यातील एकेक शब्द दिला, तरी संपूर्ण वाक्याची जाणीव कोठेच उत्पन्न होत नाही. मग असंख्य कणांच्या जाणिवांतून एक 'मी' कसा घडतो? तेयार 'गुंतागुंत' हे उत्तर देतात. पण ते समस्येचे नाव आहे, उकल नव्हे. पीटर मेडावर ह्यांचे १९६१ चे परीक्षण अतिकठोर असले, तरी काव्य व प्रमाण ह्यांची गल्लत झाल्याचा त्यांचा आक्षेप खोडता येत नाही.

बेशुद्ध रुग्णाला अंत्यसंस्कार देताना त्याच्या आईने मला विचारले होते, "फादर, त्याला ऐकू येत असेल का हो?" मेंदूच्या प्रत्येक अणूला अंतरंग आहे, हे सांगून त्या माउलीचे समाधान झाले नसते. तिला तिचा मुलगा हवा होता. मी एवढेच म्हणालो, "बाई, तुम्ही बोलत राहा."

वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र सिद्धांत म्हणून नव्हे, तर एका श्रद्धावंत शास्त्रज्ञाने धैर्याने विचारलेला प्रश्न म्हणून.