आकाशातून पाहिलेला पक्षी

जाक पेरँ यांचा ‘विंग्ड मायग्रेशन’ हा फ्रेंच अनुबोधपट डिसेंबर २००१मध्ये प्रदर्शित झाला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या खांद्याला खांदा लावून कॅमेरा उडतो आहे, असे दृश्य पाहून जगभरचे प्रेक्षक हरखून गेले. ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. हे कौतुक रास्तच होते. तरीही चित्रपट अलीकडे पुन्हा पाहताना प्रस्तुत लेखकाचे समाधान झाले नाही.

ही जवळीक साधली कशी? त्यातील अनेक पक्षी पिले असल्यापासून माणसांच्या हातांत वाढवलेले होते. इंजिनाच्या आवाजाची सवय झाल्यामुळे ते चिमुकल्या विमानांबरोबर उडत. यात गैर काही नाही. मात्र पडद्यावर ही सलगी निसर्गदत्त भासते आणि पक्षी आपलेच सोबती आहेत, असा भ्रम होतो. शिकारीची आणि प्रदूषणाची दृश्ये आहेत. पण त्या देखण्या प्रवाहात ती चटकन वाहून जातात.

याउलट उदाहरण कॅनडाचे. ‘हूपिंग क्रेन’ या क्रौंचजातीचे १९४१च्या सुमारास जेमतेम एकवीस-बावीस पक्षी उरले होते. ते वीण कोठे करतात, हे ठाऊक नव्हते. १९५४मध्ये वणव्याच्या कामावरील हेलिकॉप्टरमधून वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानाच्या दुर्गम दलदलीत ते दिसले. पुढे विमानातून घरट्यांची मोजणी होत राहिली. इतक्या उंचीवरून टिपलेल्या छायाचित्रात पक्षी म्हणजे केवळ पांढरा ठिपका. सौंदर्यदृष्ट्या ते चित्र सामान्यच. पण त्या ठिपक्यांच्या आधारे संरक्षणाची आखणी झाली. आज तेथे वीण करणाऱ्या थव्यात पाचशेहून अधिक पक्षी आहेत.

आणि आपल्याकडे? आग्र्यापलीकडच्या भरतपूरला १९६०च्या दशकात सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच येत. ओब नदीच्या खोऱ्यातील दलदलीतून, सुमारे पाच हजार किलोमीटर अंतर कापून. नोकरीच्या काळात एका हिवाळी पहाटे मी ते दुर्बिणीतून पाहिले होते. उभा असताना हा पक्षी शुभ्र दिसतो. पंखांची काळी टोके उडतानाच उलगडतात. २००१-०२च्या हिवाळ्यात तेथे एक जोडी आली. ती शेवटची. म्हणजे पेरँ यांचा चित्रपट युरोपात गाजत होता, त्याच हिवाळ्यात आपल्या शेजारचा हा प्रवास संपत होता. वाटेवरील शिकार आणि आटत गेलेली पाणथळे यांनी तो संपवला.

क्रौंचाची वाट उपजत नसते. पिले ती आईबापांबरोबर उडून शिकतात. १९९०च्या दशकात माणसांनी वाढवलेली पिले सोडून पाहिली, परंतु मोठ्या पक्ष्यांशी त्यांचा मेळ बसला नाही. शिकवणारे संपले, की वाटही संपते. दोन-अडीच शतकांपूर्वी दक्षिणेतून येथे आलेल्या आणि घरात मराठी टिकवू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

चित्रपट अवश्य पाहावा. त्याचे छायाचित्रण अपूर्व आहे. परंतु पक्ष्यावरील प्रेमाची कसोटी आपण त्याच्या किती जवळ गेलो ही नव्हे. त्याला त्याच्या वाटेने सुखरूप जाता येते की नाही, ही होय. या कसोटीवर मला चित्रपटातील देखण्या उड्डाणांपेक्षा कॅनडाच्या दलदलीतील पांढरा ठिपका मोलाचा वाटतो.