दगडी कमान, 'मेक्सी' पद्धत आणि खालची नदी

जुन्या दगडी कमानपुलांवर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिल्या महिन्यातच तुमची 'मेक्सी' पद्धतीशी गाठ पडेल. (मॅक्सी नव्हे. हसून घ्या, सगळेच हसतात.) पिप्पार्ड यांनी १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये कमानींवर जे काम केलं, त्यातून ती आली. दुसऱ्या महायुद्धात कुठली लष्करी वाहनं कुठल्या पुलावरून न्यायची, हे झटपट ठरवायला तिचा उपयोग झाला. गाळा, कमानीची उंची, दगडी कड्याची जाडी आणि वरचा भराव मोजायचा, त्यावरून एका आसाचा भार काढायचा, मग सांधे आणि तडे बघून त्याला गुणकांनी कात्री लावायची. पाच मिनिटांचं काम!

तिच्यातलं गणित ढोबळ आहे, अशी टीका तुम्ही वाचालच. जॅक हेमन यांनी १९६६मध्ये 'द स्टोन स्केलेटन' या लेखात वेगळी वाट दाखवली. दगड चिरडला जाण्याची भीती क्वचितच असते, खरा प्रश्न आकाराचा आहे. दाबरेषा कड्याच्या जाडीत मावली की कमान उभी राहते. पाया जरासा सरकला तर तडा जातो, म्हणजे तिथे एक बिजागरी तयार होते. तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान तग धरते, चौथी मात्र तिला पाडते. त्यामुळे 'तडा दिसला, पाडा पूल' म्हणणाऱ्यांना हेमन वाचायला द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

पण माझी तक्रार दोघांबद्दलही आहे, खरं तर त्यांच्यापेक्षा त्यांना आंधळेपणाने वापरणाऱ्या आपल्याबद्दल. भार वरून येतो, हे गृहीत धरूनच सगळं चालतं.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८चा, दगडी कमानींचा. शेजारी नवा पूल असूनही तो वाहतुकीत होता. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि दोन एसटी बस त्यातल्या माणसांसह नदीत गेल्या. तिथे आसभाराचं उत्तर कितीही अचूक काढलं असतं, तरी काय उपयोग होता?

जुना पूल वाचवायचा म्हणजे वाहनं दुसरीकडे वळवायची, असं मांडणारे प्रबंधही असतात. अहमदाबादच्या १८९२च्या एलिस पुलाच्या दोन्ही बाजूंना १९९०च्या दशकात नवे पूल बांधले आणि मधला जुना राखला. छान झालं. पण त्याने वरचा भार कमी होतो, खालचं पाणी नाही.

तेव्हा कुणाचा पाहणी अहवाल हाती आला, की आधी त्यावरची तारीख बघा. पुराचं पाणी खांबाभोवतीची माती खणून नेतं आणि ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरून टाकतं. मे महिन्यात कोरड्या पात्रात उतरलेल्या माणसाला खांब व्यवस्थित रुतलेला दिसतो. तो 'पाया समाधानकारक' असं लिहितो, आणि तुम्ही तेच तुमच्या तक्त्यात उतरवता.