पोटेन्शिओमीटर : उपकरण चुकले की उदाहरण?

बारावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, ‘व्होल्टमीटरपेक्षा पोटेन्शिओमीटर सरस का?’ उत्तर तयार असते : ‘संतुलनाच्या वेळी तो घटातून प्रवाह घेत नाही, म्हणून खरा ई.एम.एफ. मिळतो.’ वाक्य बरोबर आहे. त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण प्रयोगाच्या टेबलावर ते कितपत टिकते, हे आपण शिक्षकांनी कधी तपासले आहे का?

थोडा हिशेब करू. नव्या कोरड्या घटाचा ई.एम.एफ. १.५ व्होल्ट आणि अंतर्गत रोध अर्धा ओहम धरू. त्याला १००० ओहम रोधाचा व्होल्टमीटर जोडला, की सुमारे १.५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि घटाच्या आत पाऊण मिलिव्होल्ट खर्ची पडतो. शाळेतल्या व्होल्टमीटरच्या पट्टीवर एवढा फरक दिसणारही नाही. आता पोटेन्शिओमीटर घ्या. ४ मीटर तारेच्या टोकांमध्ये २ व्होल्ट असतील, तर दर मिलिमीटरला अर्धा मिलिव्होल्ट येतो. जॉकी टेकवताना २ मिलिमीटरची चूक झाली, की झाली १ मिलिव्होल्टची त्रुटी! जी त्रुटी टाळण्यासाठी एवढा खटाटोप, तिच्याहून मोठी आपल्याच हातून होते.

दोष उपकरणाचा नाही, उदाहरणाचा आहे. पोगेनडॉर्फने १८४१ मध्ये मांडलेली कल्पना आजही चोख आहे : अज्ञात विभवांतरासमोर ज्ञात विभवांतर उभे करायचे आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. तराजूत वजन करावे तसे. मात्र तिचे महत्त्व कळते ते स्रोताचा रोध मोठा असताना. आपण नेमका अर्ध्या ओहमचा घट निवडतो आणि प्रयोगाचा कर्मकांड करून टाकतो.

एनसीईआरटीने २०२२-२३ च्या फेररचनेत बारावीच्या पुस्तकातून पोटेन्शिओमीटर वगळला. महाराष्ट्राच्या २०२० च्या पुस्तकात मात्र त्याला जागा मिळाली. डिजिटल मल्टिमीटर आल्यावर तारेची लांबी मोजायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण मोजणारे साधन मोजायची गोष्टच बदलून टाकते, हा धडाही तारेबरोबर गेला, तर ते नुकसान मोठे आहे.

म्हणून एक बदल सुचवतो. १.५ व्होल्टच्या घटाला १००० ओहमचे दोन रोध एकसरीत जोडा. यांपैकी एका रोधावर किती विभवांतर असेल? मुले म्हणतील, ०.७५ व्होल्ट. १००० ओहमचा व्होल्टमीटर तिथे लावा. तो जेमतेम ०.५ व्होल्ट दाखवेल, कारण तो स्वतःच त्या रोधाला समांतर जोडला गेला आणि तिथला रोध ५०० ओहमवर आला. आता तेच विभवांतर पोटेन्शिओमीटरने मोजा. संतुलन दीड मीटरच्या आसपास मिळेल, म्हणजे ०.७५ व्होल्ट. शेवटी १० मेगाओहम रोधाचा डिजिटल मल्टिमीटर लावा. तोही ०.७५ च म्हणेल.

तीन साधने, दोन उत्तरे. खोटे कोण बोलले, आणि का? एवढे विचारा आणि थांबा. ते पाठ केलेले वाक्य मुले आता स्वतःच्या शब्दांत सांगू लागतील.