तळे आठवले, दवाखाना विसरलो

सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांच्या खाजगीकरणाविरुद्ध हडपसरच्या गाडीतळावर धरणे झाले. त्यात मी होतो. घोषणा दिल्या, पत्रके वाटली, सोलापूर रस्त्याच्या कडेला उन्हात दोन तास बसलो. त्याचा वृत्तांत लिहिण्याचा माझा हेतू नाही. तिथे जे बोलले गेले, वाटले गेले आणि करून दाखवले गेले त्याची मला चिकित्सा करावयाची आहे. चळवळीची पत्रके आणि पथनाट्ये हेही लेखनच आहे. ते कोणाच्या अनुभवातून आले आणि कोणाला वगळून आले, हा प्रश्न आपण कथा-कवितेला विचारतो तसाच त्यालाही विचारला पाहिजे.

प्रथम पथनाट्याविषयी. विद्यार्थ्यांनी ते मनापासून केले. पांढऱ्या कोटातला मालक तराजू घेऊन उभा, समोर अनामत रकमेसाठी हात जोडणारा रुग्ण, शेवटी रुग्णाचा मृत्यू आणि घोषणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण हा रुग्ण कोण? त्याचे नाव फक्त ‘गरीब माणूस’. त्याला वस्ती नाही, काम नाही, जात नाही. तो रामटेकडीचा की वैदूवाडीचा, गटार उपसून आजारी पडला की कचरा वेचून, याचा पत्ता नाही. हा ‘गरीब माणूस’ मध्यमवर्गीय रंगभूमीने घडवला आणि आपल्या पोरांनी तो तिथून उसना घेतला. आपल्याकडे काही नव्हते म्हणून उसने घ्यावे लागले, असेही नाही. १८५५ साली फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदया’त लिहिलेल्या निबंधात मांग-महार स्त्रियांच्या उघड्यावरच्या बाळंतपणाचे दुःख मांडले. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) सुइणीच्या हाती तडफडणाऱ्या, उपाशी बाळंतिणी दाखवल्या. ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) लिहिणारे किशोर काळे तर स्वतः डॉक्टर झाले. आजारपण आणि जात यांची गाठ आपल्या साहित्याने केव्हाच दाखवून दिली आहे. रस्त्यावर उतरताना मात्र आपण ती सोडून येतो.

दुसरी गोष्ट फलकाची. फलकावर सावित्रीबाई होत्या. हडपसरमध्ये त्या असणारच. १८९७ च्या प्लेगात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी इथल्याच ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले आणि त्या लागणीतच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वक्त्यांनी त्यांना ‘करुणेची माउली’ म्हटले. मला हा शब्द खटकला. करुणा म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली. ज्या मुलाच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याला पाठीवर घेणे ही नुसती करुणा नव्हती, ती समाजरचनेला दिलेली धडक होती. ती धडक पुसून सेवाभाव तेवढा फलकावर ठेवला, तर उद्या धर्मादाय खाटांची जाहिरात करणारेही हाच फलक लावतील. सरकारने १८९७ पासून काय शिकले तेही पाहावे. २०१२ साली सुरू झालेल्या विमा योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. त्या योजनेवर माझ्या ओळखीतल्या माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे मी नाकारत नाही. पण विमा दवाखान्याचे बिल भरतो. वस्तीत दवाखाना उभा करीत नाही.

आता मुख्य मुद्दा. धरण्यात माझ्याशेजारी एका दवाखान्यात सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. कंत्राटदार बदलला की त्यांची नोकरी नव्याने सुरू होते. पत्रक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाल्या, “झाडलोट कंत्राटात गेली तवा कुनी नाय आलं रस्त्यावर. आता खाटा चालल्या म्हणून आलात व्हय, सर?”

मला उत्तर देता आले नाही. माझी आई पालिकेच्या दवाखान्यात आया होती. कायम नोकरी, महिन्याचा पगार, भरपगारी रजा, फंड. त्या फंडावर आमच्या घरातला पहिला पदवीधर झाला, तो मी. खाजगीकरण काल आलेले नाही. ते प्रथम झाडूला आले, मग धुलाईला, पहाऱ्याला, स्वयंपाकघराला. म्हणजे जिथे जिथे आपली माणसे होती तिथे ते आधी आले. कंत्राटदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली लागत नाही. डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत ते पोहोचले तेव्हा त्याला ‘आरोग्यावरचे संकट’ हे नाव मिळाले. आमच्या पत्रकात सफाई कामगारांचा उल्लेख शेवटच्या ओळीत, ‘इत्यादी’मध्ये होता.

या विस्मरणाला जुना इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. महाडच्या सत्याग्रहामागचा ठराव म्हणून आपण तो विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि जाहीर केलेला हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. पण तो ठराव पाणवठ्यांपाशी थांबलेला नव्हता. विहिरी आणि धर्मशाळा यांच्याबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने त्यात नाव घेऊन आले होते. आपण तळे लक्षात ठेवले, दवाखाना विसरलो.

त्या ठरावाची ताकद ‘सार्वजनिक’ या एका शब्दात होती. ते सार्वजनिक आहे, म्हणून आमचे आहे, असा तो दावा होता. हक्काचा पाया दयेत नव्हता, सार्वजनिक पैशात होता. म्हणूनच ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणून, ज्या संस्था अंमल करणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवा, अशी शिफारस करून घेतली. आज उलटे चालले आहे. जागा, इमारत आणि पैसा सार्वजनिक, पण हुकमत खाजगी, आणि याला नाव ‘भागीदारी’! ज्यांच्या बापजाद्यांनी अर्धलीने जमिनी कसल्या त्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२० साली नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्यासाठी नमुना करार पुढे केला. त्यात खाटांचे दोन वर्ग होते. काही नियमनाखालच्या, काही बाजारभावाच्या. एकाच छपराखाली दोन प्रकारच्या खाटा. ही रचना आपल्याला नवी आहे काय? हॉटेलातली वेगळी कपबशी आणि गावातला वेगळा पाणवठा ज्यांनी पाहिला त्यांना ती ओळखू आली पाहिजे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या पालिकेची रुग्णालये भागीदारीत देण्याविरुद्ध २०२५ साली रस्त्यावर आल्या, त्या याच ओळखीने आल्या असे मी मानतो. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. पण अनामत रक्कम नाही म्हणून परत पाठवताना जात विचारावीच लागत नाही.

यावर आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात, ‘पैशाला जात नसते. खाजगीत निदान कोणी हिणवत तरी नाही.’ त्यांनी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’तील काठेवाडच्या अस्पृश्य शिक्षकाची हकीकत पुन्हा वाचावी. १९२९ सालची गोष्ट. बायको बाळंतीण, गंभीर आजारी. डॉक्टरची दोन रुपये फी भरली. तरी तो वस्तीत आला नाही. रुग्णाला वस्तीबाहेर आणावे लागले आणि थर्मामीटर तिसऱ्या माणसाच्या हातून दिले गेले. ती बाई गेली. फी दिली होती. हात मात्र लागला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी दवाखाना तरी आपला कधी होता? प्लेगात याच पुण्यात सरकार घराघरांत सैनिक घेऊन शिरले होते. आजही केसपेपरच्या खिडकीवर आपल्या बायांना ‘ए बाई’ म्हणून हाकलले जाते. हे सारे खरे आहे. सार्वजनिक दवाखाना हा हरवलेला स्वर्ग होता, असे पत्रकात लिहिणे म्हणजे आपल्याच अनुभवाशी बेइमानी आहे. पण त्या खिडकीपुढे उभे राहून ‘हे माझे आहे’ असे म्हणता येते. अपमान करणाऱ्याविरुद्ध मोर्चा नेता येतो, पालिकेत प्रश्न विचारता येतो. चवदार तळेही १९२७ मध्ये आपल्या हाती नव्हते. ते सार्वजनिक होते, म्हणून लढाई शक्य झाली. तेच तळे आधी कोणाला कराराने दिले असते, तर आपण काय मागणार होतो?

म्हणून पुढच्या धरण्यासाठी माझ्या दोन सूचना आहेत. पथनाट्यातल्या रुग्णाला नाव, वस्ती आणि काम द्यावे. आणि पत्रकातल्या मागण्यांचा क्रम उलटा करावा. सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय यांच्या कायम नेमणुका ही पहिली मागणी, खाटा त्यानंतर. ज्या हातांनी दवाखाना रोज स्वच्छ होतो ते हात ‘इत्यादी’मध्ये ठेवून दवाखाना वाचणार नाही. नवे पत्रक तयार झाले की प्रथम मी ते त्या मावशींना वाचून दाखवणार आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे की नाही, हे त्याच ठरवतील.